एका गल्लीत चौदा निर्मला

‘हॅलो, कुठून बोलताय?’

माझी सगळी नोकरी ह्या एका प्रश्नात गेली. लग्नाला तीन महिने झाले असतील. दुपारची डुलकी लागली होती, ह्यांनी हाक मारली, आणि मी डोळे न उघडताच म्हणाले, ‘हॅलो, कुठून बोलताय?’ आमचे हे शाळामास्तर. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, ‘शेजारच्या सतरंजीवरून.’ पुढं चाळीस वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हा किस्सा मिळायचा. चहात साखर कमी पडली तरी किस्सा चुकत नसे.

टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून मी लागले ती पाटोद्याला. फोन लावायचा तर मधे एक बाई बसलेली असायची, हे नातीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, ‘आजी, मग ती बाई सगळं ऐकायची?’ मी म्हणाले, ‘छे गं, काहीतरीच.’ आता दिवाळीच्या अंकात खोटं कशाला लिहू? ऐकायची.

समोर लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं भोकं, आणि प्रत्येक भोकावर एक पत्र्याची पापणी. कुणी घरात फोनचं हँडल फिरवलं की त्याची पापणी खाली पडायची. एक दोरी त्या भोकात खुपसायची, कुठून बोलताय, कुठं जोडू विचारायचं, आणि दुसरी दोरी दुसऱ्या भोकात. तालुक्यात फोन मोजकेच. तहसील, दवाखाना, अडतवाले, दोन-चार पुढारी. पापणी पडल्याबरोबर कोण ते मला कळायचं. तरी विचारायचे. रुबाब!

बावीस वर्षांची ती पोरगी आज समोर आली तर मी तिचा कान पिळीन. दोन वेण्या, त्यात अडकलेला हेडफोन, आणि आख्खा पाटोदा तालुका आपल्या दोरीवर नाचतो असा चेहरा. एकदा एका अडतवाल्याच्या बायकोनं हँडल फिरवलं. ‘ताई, आमचे मालक दुकानावर न्हाईत, कुठं गेलेत काय की.’ मला ठाऊक होतं. पंधरा मिनिटांपूर्वीच मी त्यांचा फोन जोडून दिला होता. मी साखर घोळून सांगितलं, ‘ते ना, वकिलांच्या बैठकीत पत्ते खेळतायत.’ संध्याकाळी अडतवाला एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर उभा राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. आमच्या वरिष्ठ थोरातबाई पदर खोचून बाहेर गेल्या, त्याला गार करून आल्या, आणि मग माझ्याकडं वळल्या.

‘पोरी, माणूस कुठं हाय हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं. आपुन न्हाई.’

मला वाटलं, माझा आवाज गोड आहे म्हणून ही बाई जळते. एवढी अक्कल घेऊन मी सरकारी पगार खात होते.

पुढं बोर्ड गेला, पापण्या गेल्या, आपोआप लागणारे फोन आले. बदल्या होत होत मी अंबाजोगाईला पोचले आणि तिथंच निवृत्त झाले. घरी बसून पापड लाटणं मला जमणारं नव्हतं. (लाटलेले पापड ह्यांनाही खाणं जमणारं नव्हतं.) मग राहत्या गल्लीच्या तोंडाशी गाळा घेतला, एका मोठ्या कंपनीकडून लाइन घेतली आणि घरोघरी इंटरनेट जोडून द्यायला लागले. पाटीवर फक्त ‘इंटरनेट जोडून मिळेल’ एवढंच. नाव टाकायची गरज नव्हती. सगळा गाव मला फोनवाल्या काकू म्हणतो.

घरात वायर येते, तिच्या टोकाला राउटर बसवतात आणि त्यातून बिनवायरचं नेट घरभर पसरतं. राउटर म्हणतात कागदावर. आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी तो डबा. ‘काकू, डबा लाल झाला.’ ‘काकू, डबा मेला.’ एका घरी तो देवघरात बसवला होता, त्याला रोज हळदकुंकू. उदबत्तीच्या राखेनं भोकं बुजून तो तापायचा, मग मला बोलावणं. एका निवृत्त गुरुजींनी त्याला लोकरीचं टोपडं विणून घातलं होतं, किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून. मी म्हणाले, ‘गुरुजी, किरणं अडली तर नेट कसं येईल?’ ते म्हणाले, ‘तेवढं येऊ द्या, बाकीची अडवा.’

आता माझी खोड सांगते. प्रत्येक डब्याला एक नाव द्यावं लागतं. मोबाईलमध्ये आजूबाजूच्या डब्यांची नावं दिसतात, आपलं निवडायचं आणि जोडायचं. इतर लोक मालकाचं आडनाव टाकतात, नाहीतर कंपनीनं दिलेले आकडे ठेवतात. मी घरातल्या बाईचं नाव टाकायची. एक्स्चेंजच्या काळात टेलिफोनच्या यादीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे पुरुष. बायका फोनवर बोलायच्या तेसुद्धा ‘अमक्याच्या घरून बोलते’ म्हणून. तेव्हापासून मनात होतं. माझ्या हातात यादी आली की बघा! आणि आली. इंग्रजी अक्षरांत, पण आली. आमच्या गल्लीतून मोबाईल उघडून चाललं की हवेत सुमन, रुक्मिणी, शाहीन, पद्मावती अशी नावं एकामागून एक उगवायची. पुरुष कुरकुरले. एकजण म्हणाला, ‘काकू, महिन्याचं बिल मी भरतो, अन् नाव हिचं?’ मी म्हणाले, ‘तुझं नाव घराच्या पाटीवर हाय, सातबाऱ्यावर हाय, तिच्या नावाच्या मधोमध हाय. अजून कुठं लिहू?’

हे म्हणाले, ‘तुझी यादी झाली. आता सगळ्यांना विचारत फिर, कुठून बोलताय.’

गमतीनं म्हणाले होते. पण झालं तसंच.

एक दिवस पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस गाळ्यावर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं मला अंबाजोगाईचं काम देऊ केलं. काम सोपं. त्यांनी दिलेला मोबाईल पिशवीत ठेवायचा आणि गल्लीगल्लीतून स्कूटी फिरवायची. बाकीचं मोबाईल करतो.

हे काय प्रकरण ते सांगते, कारण तेव्हा मलाही दोनदा समजून घ्यावं लागलं होतं. मोबाईल उघड्यावर असला की आभाळातल्या उपग्रहांवरून आपण कुठं आहोत ते ओळखतो. घरात, स्लॅबखाली, वरचं नीट ऐकू येत नाही. मग तो शेजारपाजारच्या डब्यांकडं कान लावतो. डबा दर क्षणाला हाळी देत असतो: माझं नाव अमुक, माझा आकडा तमुक. आकडा कारखान्यातूनच पडलेला असतो, दोन डब्यांचा सारखा नसतो. कोणत्या आकड्याची हाळी कुठं ऐकू येते ह्याचं मोठं बाड कंपन्या बनवतात. माझ्यासारख्या फिरणाऱ्या बायकांकडून, आणि खरं तर तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाईलकडूनसुद्धा. मग कुणाच्याही मोबाईलला तो आकडा ऐकू आला की बाड सांगतं, तू अमक्या गल्लीत उभा आहेस.

‘लोकांच्या घरातलं काही वाचता का?’ मी विचारलं. एवढं तरी विचारलं.

‘नाही हो मॅडम. आतलं काहीच नाही. माणसांची नावं नाहीत, फक्त आकडे.’

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हटलं होतं. पुढचं मी ऐकलंच नाही. शिवाय त्यानं एक निळी टोपी दिली आणि एक प्रशस्तिपत्र.

एकसष्ट वर्षांची घोडी, नऊवारी नाही पण पाचवारीवर निळी टोपी, आणि स्कूटीवरून अंबाजोगाईच्या बोळाबोळातून फेऱ्या. देवळाकडच्या उतारावर, कॉलेजच्या मागं, मेडिकल कॉलेजच्या वसाहतीत. लोक विचारायचे, ‘काकू, मतदारयादी का?’ मी म्हणायची, ‘नकाशा काढतेय.’ हे म्हणाले, ‘सुएझ कालवा राहिला बघ.’ पण मला वाटायचं, आपण काहीतरी देशकार्य करतोय. येताजाता आरशात टोपी बघायची. आज त्या बाईचा फोटो पाहिला की मला बावीसची पोरगीच आठवते. वेण्या गेल्या, चेहरा तोच.

ह्या टोपीच्या दिवसांतच निर्मला आमच्या गल्लीत राहायला आली.

गल्लीच्या शेवटच्या घरामागची एक खोली. बरोबर आठवीतली मुलगी, शिलाई मशीन, दोन गाठोडी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला डबा. मेडिकलच्या दवाखान्यात कंत्राटावर मावशी म्हणून लागली होती, उरलेल्या वेळात ब्लाउज शिवायची. तलवाड्याकडची, बोलण्यावरून कळलंच. नवरा कर्नाटकात कारखान्यावर असतो म्हणाली. मी खोदून विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण तिनं उत्तर दिलं नाही.

मी तिला नवा डबा देत होते. ती म्हणाली, ‘ह्योच चालंल का काकू? माज्या शिलाईच्या पैशातून घेतलाय. तेवढं एक माजं हाय.’

‘न चालायला काय झालं? घरचा डबा सोडून नवा कावून घ्यायचा?’ आमच्या भागात चालती वस्तू टाकून देणं हे पाप. मी तोच बसवला. नाव विचारलं. ती बिचकली.

‘माजं कावून?’

‘घर तुझं. मग कुणाचं टाकू?’

मोबाईलवर इंग्रजीत तिचं नाव उमटलं. मुलीनं वाचून दाखवलं. निर्मला कितीतरी वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून उभी होती. मी मनात टोपी सावरली.

महिनाभरानं तिच्या खोलीतून निरोप, काकू मोबाईल येड्यावानी करतोय. झालं असं होतं की ब्लाउजची गिऱ्हाइकं म्हणायची, ताई लोकेशन पाठवा. ही खोलीत बसून पाठवायची आणि ते निघायचं तलवाड्याचं. एक बाई फोनवर ओरडली होती, ‘ब्लाउज आणायला तलवाड्याला येऊ का?’

मला कारण ताबडतोब कळलं. बाडात तो आकडा तिकडं लिहिलेला होता, तिच्या जुन्या घरी. डबा शंभर किलोमीटर चालत आला होता, पण बाडाला पत्ता नव्हता. तिची खोली मागच्या अंगाला, दुसऱ्या कुठल्या डब्याची हाळी तिथं पोचत नव्हती. म्हणून मोबाईलला वाटायचं, आपण अजून तलवाड्यालाच आहोत. मी तिला हे हसत हसत समजावलं. ती हसली नाही.

‘म्हंजी काकू, त्यात बगितलं तर मी अजून तितंच हाय?’

‘तू नव्हं गं, डबा.’

‘मंग राहू द्या की.’

‘अगं, राहू द्या काय? चुकीचं आहे ते.’

‘चुकलंय तर चुकू द्या. मला बरं हाय तसंच.’ मग खालच्या आवाजात म्हणाली, ‘मालकाला ठावं न्हाई मी हितं हाय ते. मुकादम हायेत ते. ऊसतोडीच्या टोळ्या नेतात. दोनदा म्हायेरी गेलते, दोनदा समजूत घालून परत लावलं. हात लई उचलतात.’ तिनं बाही जराशी वर केली, आणि लगेच खाली केली.

मुकादम म्हणजे टोळी जमवणारा, आणि टोळीतलं कुणी निघून गेलं तर तीन जिल्हे पालथे घालून शोधणारा. माणूस शोधणं हा त्याचा धंदाच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या हद्दीतला नकाशा चुकीचा! माझी टोपी, माझं प्रशस्तिपत्र! मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या इस्त्रीवाल्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणाले, ‘अगं, त्यात माणसांची नावं नसतात. फक्त आकडे.’

आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर, कंपनीचा मोबाईल पिशवीत घालून, मी तिच्या खोलीपुढून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारल्या. मागच्या बोळातून सुद्धा. बाडाला नवा पत्ता नीट पाठ होईपर्यंत. आठव्या-दहाव्या दिवशी तिच्या मोबाईलवर ठिपका बरोबर आमच्या गल्लीत आला. मी तिला दाखवायला गेले. ‘बघ, आता कशी जागेवर आलीस!’ ती म्हणाली, ‘व्हय काकू,’ आणि मशीनवर बसली.

पुढच्या महिन्यात, भर दुपारी, गाळ्याच्या पायरीवर एक पांढरे कपडे येऊन उभे राहिले.

‘राम राम मावशी.’

पन्नाशीचा माणूस, बोलायला मऊ. बाहेर जीप, जीपमध्ये आणखी दोघं. त्यानं कापडी पिशवीतून पुठ्ठ्याचं रिकामं खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. डब्याचं खोकं. बाजूला चिकटलेल्या कागदावर आकडा.

‘आमच्या घरून ह्यो डबा चोरीला गेलाय मावशी. ह्या गल्लीत कुटं तरी हाय. कुनाच्या घरी हाय तेवढं सांगा.’

‘ह्याच गल्लीत, हे कसं कळलं तुम्हाला?’ माझा आवाज अजून नेहमीचाच होता.

‘पुतन्या कंप्युटरचं शिकलाय. त्यो म्हनला, ह्या आकड्यावरून जागा निगती. निगाली की! आदी ठिपका आमच्याच गावात दिसायचा. मी म्हनलो, येडा हायस का बे, घरात तर डबा न्हाई. तरी ते दर आट दिसाला बगायचं. तर मागच्या म्हैन्यात ठिपका उटून हितं आला.’

मागच्या महिन्यात.

पाटोद्याच्या बोर्डावरच्या सगळ्या पापण्या एकदम खाली पडाव्यात, तसं झालं मला. तो नकाशा चुकलेला होता म्हणून ती तेवढे दिवस सुखात होती. मी तो दुरुस्त केला होता. आठवडाभर, दोन वेळा, टोपी घालून.

त्यानं खिशातून मोबाईल काढला. ‘हितं नावं दिसत्यात बगा. रुक्मिनी, सुमन... आतल्या अंगाला गेलं की आनकी दिसतील.’ तो निर्मलापर्यंत पोचला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी तिच्या डब्याची हाळी ऐकू येत नव्हती. पण पन्नास पावलं आत गेला की येणार होती. माझी खोड, माझी बायकांची यादी, त्याला थेट तिच्या दारात नेऊन उभं करणार होती.

‘बसा,’ मी म्हणाले. ‘उन्हाचे आलात. चहा घ्या. चोरीचा मामला आहे, तर मला कॉम्प्युटरवर बघायला लागेल.’

तो बसला. जीपमधल्या दोघांनाही मी चहा पाठवला. समोरच्या हॉटेलवाल्याला तीन बोटं दाखवली आणि वर ‘सावकाश आण’ अशी मान हलवली. त्याला चाळीस वर्षांत इतकं सावकाश कुणी सांगितलं नव्हतं.

मी बसवलेल्या प्रत्येक डब्याची किल्ली माझ्या कॉम्प्युटरमध्ये असते. कुणाचा डबा अडला तर घरी न जाता गाळ्यावरून दुरुस्त करता यावा म्हणून. चष्मा लावला. दोऱ्या खुपसायची सवय बोटांना आधीची. पहिलं घर, सुमन. नाव खोडलं आणि निर्मला टाकलं. दुसरं घर, रुक्मिणी. खोडलं, निर्मला. तो समोर बसून टोळीच्या गोष्टी सांगत होता, माणसं आजकाल कशी पळतात वगैरे. मी ‘हो का?’, ‘अरेरे!’ करत होते. शाहीन, निर्मला. पद्मावती, निर्मला. लोकरीचं टोपडं, निर्मला. देवघरातला डबा, निर्मला. शेवटी खऱ्या निर्मलाचा डबा मी बंद करून टाकला आणि तिच्या बदल्यात माझ्या स्वतःच्या घराला तिचं नाव दिलं. चौदा घरं, चौदा निर्मला.

‘आकडा काही सापडत नाही माझ्याकडं,’ मी चष्मा काढला. ‘बघा फिरून तुम्हीच.’

तो उठला. त्याची पाठ वळल्याबरोबर मी निर्मलाला दवाखान्यात फोन लावला. ‘घरी येऊ नको. पोरीला क्लासमधून घे आणि मेडिकलमधल्या कुणाच्या तरी खोलीवर थांब. मी सांगेपर्यंत.’ तिला कळलं.

गाळ्याच्या दारातून मी बघत राहिले. तो मोबाईल समोर धरून, एकेका दारापुढं थांबत चालला होता. थांबायचा, बघायचा, मान खाजवायचा, पुढच्या दारापुढं जायचा. इकडं डब्यांची नावं बदलल्यामुळं सगळ्यांच्या मोबाईलचं नेट तुटलं होतं. भर दुपारच्या मालिका बंद पडल्या होत्या. आमच्या गल्लीत ह्याहून मोठा गुन्हा नाही. धडाधड दारं उघडली.

‘काकूऽऽ, नेट गेलं!’

‘काकू वो, नावच दिसंना माजं!’

आणि बाहेर येऊन बघतात तो काय, परका बाप्या दारादाराशी मोबाईल धरून उभा.

‘काय वो पाव्हनं,’ सुमनमामी पायरीवरूनच गरजल्या. ऐंशीला टेकलेल्या, पण आवाज ट्रंक कॉलचा. ‘बायामानसांच्या दारात मोबाईल धरून काय शूटिंग चाललंय का?’

‘न्हाई वो आज्जी, डबा धुंडतोय.’

‘डबा? पितळंचा का इस्टीलचा?’

‘आमच्या मोबाईलमधले फोटू काढून नेतात आजकाल,’ शाहीनची सासू म्हणाली. ‘दिखाव जरा तुमचा मोबाईल.’

पाच-सहा बायकांनी त्याला मधे घेतलं. तो घाम पुसत माझ्याकडं परत आला. ‘मावशी, समद्या घरात एकच नाव कसं वो? जिकडं बगावं तिकडं निर्मला.’

‘ते का?’ मी म्हणाले. ‘कंपनीचं नाव आहे ते. निर्मला नेट. आमच्या सासूबाईंचं नाव.’

माझ्या सासूबाई द्वारकाबाई. वरून बघत असतील तर क्षमा करोत.

त्यानं मोबाईल खिशात घातला. त्याला सगळं कळलं होतं की काहीच नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. मग खोकं काखेत मारून जीपमध्ये बसला.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज जरा ताठ बसून लिहिलं असतं. ठिपका काही जागचा हलला नव्हता. तो आठ दिवसांनी परत आला असता, पंधरा दिवसांनी आला असता. निर्मलानं ओळखीच्या नर्सबाईंकडून दुसऱ्या गावी कामाची सोय करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी निघाली. कुठं, ते नर्सबाईंनी मला सांगितलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं होतं. ह्यांनी चिमटा काढला.

जाण्याआधी ती डबा घेऊन आली. ‘हे ठिवा तुमच्यापाशी.’

‘निर्मला, माझी चूक झाली गं. मी...’

‘मी म्हनलं व्हतं काकू,’ ती म्हणाली. ‘राहू द्या म्हनलं व्हतं.’

रागावली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, पाया पडायला वाकली, आणि मी दोन्ही हातांनी तिला धरलं. हे बाहेर ओट्यावर उभे होते. सुएझ कालवा वगैरे काही म्हणाले नाहीत. घरात येऊन निळी टोपी त्यांनी कपाटाच्या वर, मागं, दिसणार नाही अशी ठेवली. हे गेल्यावर कपाट आवरताना ती सापडली, तेव्हा मी बराच वेळ खाली बसले होते. त्यांच्यासाठी की टोपीसाठी, ते नाही सांगत.

इस्त्रीवाल्याला मी फोन केला. एक आकडा बाडातून खोडा म्हणाले. तो म्हणाला, त्यासाठी अर्ज असतो, तो इंग्रजीत असतो आणि तो दुसरी कंपनी बघते. पण त्याच्याकडूनच एक गोष्ट कळली, जी त्यानं पहिल्या दिवशी सांगायला हवी होती आणि मी विचारायला हवी होती. डब्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ‘नोमॅप’ असं शेपूट लावलं की काही कंपन्या तो डबा बाडात घेत नाहीत. सगळ्याच ऐकतात असं नाही. ज्याला लाज आहे तो ऐकतो.

मग मी गल्लीतलं एकूण एक दार हिंडले. ह्या वेळी टोपी न घालता, आणि विचारत. तुमचं नाव ठेवू का काढू? शेपूट लावू का नको? गल्लीतल्या प्रत्येक बाईला झालेलं सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. कुणी म्हणालं, ‘आमच्यात काय लपवायला हाय काकू?’ हे मीही म्हणत असे. मी म्हणाले, ‘तुझ्यात नसंल. तुझ्या मागच्या खोलीत उद्या कोण भाड्यानं येईल, तिच्यात असंल.’ गुरुजी म्हणाले, ‘मी टोपडं घातलं तेव्हा हसला होतात.’ सुमनमामींनी मात्र बजावलं, ‘शेपूट लाव, पर माजं नाव काडलंस तर बग.’ ते अजून आहे. शेपटासकट.

आणि डबा? तो मी टाकला नाही. चालती वस्तू टाकणं पाप. पोलीस ठाण्यासमोर चहाचं हॉटेल आहे, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला म्हणाले, हा फुकट वापर, पण बंद करायचा नाही. मग शेवटचं एकदा कंपनीचा तो मोबाईल पिशवीत घालून मी तिथं आठ दिवस रोज चहाला गेले. बाडाला पाठ होईपर्यंत. आजही कुणी तो आकडा टाकून बघितला तर ठिपका बरोबर ठाण्याच्या दारात दिसेल. मुकादमानं जरूर यावं. चहा चांगला मिळतो.

गेल्या दिवाळीत मोबाईल वाजला. ओळखीचा नंबर नव्हता. उचलला, तर पलीकडं शिलाई मशीनचा आवाज, आणि मग, ‘काकू, मी बोलते.’

मी ओळखलं. सात-आठ वर्षांनी. मुलगी नर्सिंगला आहे म्हणाली, हॉस्टेलवर असते. स्वतःची तब्येत बरी आहे, चार मशीनी झाल्यात. डबा नवा घेतलाय. मी विचारलं, नाव काय ठेवलंस? हसली. म्हणाली, ‘माजंच ठिवलं. पर ते शेपूट लावलंय.’ तिला शेपटाचं कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

मागं कुठंतरी एसटीचा भोंगा वाजला. कुणीतरी कुणाला हाक मारली, बोली थोडी वेगळी होती. माझ्यातल्या पाटोद्याच्या त्या पोरीनं ताबडतोब कान टवकारले: हे सोलापूरकडचं की लातूरकडचं? तिच्या जिभेच्या टोकावर ते तीन शब्द येऊन बसले. थोरातबाई, मी ते गिळले.

‘दिवाळीचं काय केलंस?’ मी विचारलं.

‘करंज्या केल्या,’ निर्मला म्हणाली. ‘तुमच्या?’

‘फुटल्या सगळ्या तेलात,’ मी म्हणाले, आणि मग आम्ही कितीतरी वेळ करंज्यांबद्दलच बोलत राहिलो.